गबोबे कुणाचा?

बुर-आदचा दर्या बंद होतो तो आपोआप, पण उघडतो तो दिरियेने उघडला तरच. मे सरता सरता नैऋत्येचा वारा सुटतो, लाटा घराएवढ्या होतात, होड्या पुळणीवर उलट्या पडतात आणि सगळं गाव चार महिने एकमेकांची उणीदुणी काढत बसतं. सप्टेंबरात वारा पडतो. पण वारा पडला म्हणून कुणी होडी लोटत नाही. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्याखाली खडकांची रांग आहे आणि तिच्यातून आत यायला एकच वाट आहे. चार महिन्यांत लाटांनी तिथली वाळू कुठून कुठे नेऊन टाकली असेल, ते कुणालाच ठाऊक नसतं. ते शोधायचं काम दिरियेचं.

ओहोटी लागली की लुंगी वर खोचून, कमरेला दोर बांधून आणि खांद्यावर लांब काठ्या घेऊन तो पाण्यात उतरायचा. वाळू तळव्यांनी चाचपायचा. पाय टेकेनासे झाले की शिसं बांधलेला दोर सोडून खोली घ्यायचा आणि वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक काठी रोवत पुढे जायचा. शेवटची काठी उभी राहिली की दर्या उघडला. त्याआधी होडी घालणारा एकच माणूस आमच्या स्मरणात आहे, आणि त्याची बायको अजून विधवा आहे.

आमच्याकडे आईबापांनी ठेवलेलं नाव माणसाच्या मयतीलाच ऐकू येतं. एरवी लंगडा, दातऱ्या, मिशा नसलेला, असंच चालतं. दिरियेला सगळे ओला दिरिये म्हणत. तो हसून ओ देई. पाण्याच्या बाबतीत ओल्या दिरियेचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्याला कुणी शपथ घातली नाही, कुराणावर हात ठेवायला लावला नाही.

जमिनीवर मात्र त्याला शब्दच नव्हता. गावचे निवाडे मशिदीमागच्या बाभळीखाली होतात. तिथे प्रत्येक घराण्याची चटई ठरलेली. कुणाची चटई कुठे, याच्यावरून पूर्वी भाले चालले आहेत. दिरियेची चटई नव्हती. बैठकीला तो जाई, पण चपला काढतात त्या जागेच्या अलीकडे उभा राही. त्याचं काही म्हणणं असलं तर ते वार्फाने मांडायचं. वार्फा हा गावातल्या दोन भावक्यांतल्या वरच्या भावकीचा म्होरक्या, दाढीला मेंदी लावणारा, आणि दिरियेचं घराणं त्याच्या भावकीच्या आश्रयाला.

याचं कारण गबोबे. दिरियेच्या बापाचं नाव इल्मी, त्याच्या बापाचं बुल्हान, त्याच्या बापाचं गबोबे. हा गबोबे एका फुटक्या तारवाच्या फळीला धरून बुर-आदच्या पुळणीवर आला. कुठून, कुणाचा, ते त्याने सांगितलं नाही किंवा सांगितलं ते कुणी लक्षात ठेवलं नाही. वार्फाच्या पूर्वजांनी त्याला पाणी दिलं, जागा दिली. त्याने खडकातली ती वाट शोधून काढली, म्हणून तिला आजही गबोबेची वाट म्हणतात. तेव्हापासून या घराण्याने भावकीच्या प्रत्येक भांडणात माणसं दिली, भावकीवर आलेल्या प्रत्येक खुनाच्या भरपाईत उंट दिले. चटई मिळाली नाही. आमच्यात पोर बोलायला लागलं की त्याला पहिल्यांदा बापाचं, आजाचं, पणजाचं अशी वीस-पंचवीस नावं घोकायला लावतात. दिरियेच्या घरची पोरं चार नावांवर थांबत.

आणि गावात सगळे त्याला मामा म्हणत. वयाने लहान असो की मोठा, मामाच. ऐकायला गोड वाटतं. पण आमच्यात आपल्या रक्ताच्या मोठ्या माणसाला काका म्हणतात. मामा कितीही लाडका असला तरी तो दुसऱ्या घरचा. दिरिये साठीला आला तरी बुर-आदमध्ये त्याला काका म्हणणारं एकही पोर नव्हतं.

त्याने स्वतःपुरतं हे पचवलं होतं. लिबानचं पचत नव्हतं. लिबान त्याचा एकुलता मुलगा, पंचविशीतला, होडीवर वाघ. त्याचं मन आतल्या मुलखातल्या एका उंटवाल्याच्या मुलीवर बसलं होतं आणि मुलीचंही त्याच्यावर. मुलीचा बाप चहाला आला. मुशीचं कालवण आणि भात पोटभर जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "घराणं सांगा."

"लिबान, दिरिये, इल्मी, बुल्हान, गबोबे," दिरियेने सांगितलं.

"पुढे?"

दिरियेने पाहुण्यापुढे चहा सरकवला.

"गबोबे कुणाचा?" पाहुण्याने विचारलं. अगदी सौम्यपणे विचारलं. मग काठी उचलली, जेवणाबद्दल दिरियेच्या बायकोचे, अंबारोचे आभार मानले आणि तो गेला. त्या दिवसापासून लिबान बापाशी कामापुरतंच बोलू लागला.

त्याच हिवाळ्यात बंदराची हवा सुरू झाली. अब्शिर नैरोबीहून आला. हा वरच्या भावकीतलाच पोरगा, लढायांच्या वर्षांत आईच्या पाठीवर बसून पळालेला आणि आता दोन फोन आणि परदेशी पासपोर्ट खिशात घालून परतलेला. त्याच्यामागे एक कंपनी होती. बंदर झालं की मोठी जहाजं येतील, बर्फाचा कारखाना येईल, आमचे मासे दुबईला ताजे जातील, वाळवावे लागणार नाहीत. अब्शिर हे मशिदीत, चहाच्या टपरीवर, लग्नात, कुठेही सांगायचा. लोकांना ते इतकं पटलं की काहींनी मुशी खारवायच्या पिंपांची तेव्हाच विल्हेवाट लावली.

प्रश्न जागेचा होता. गावाच्या दक्षिणेला कोरडी नदी, आणि नदीपलीकडे डोंगराच्या पोटात एक खडकाळ कोपरा आहे. पाणी खोल, वाऱ्याला आडोसा. पण तिथे सुरुंग लावावे लागणार, रस्ता करावा लागणार, आणि मुख्य म्हणजे तो कोपरा पलीकडच्या भावकीचा. दुसरी जागा गावासमोरची लांब पुळण. सपाट, सोयीची, आणि वरच्या भावकीची. कंपनीच्या साहेबांनी जानेवारीत तीन आठवडे मोजमाप केलं. जानेवारीत आमचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा असतो. त्यांना दोन्ही जागा बऱ्या वाटल्या. फक्त पुळणीवर वाळू सरकते का, एवढं त्यांना कळत नव्हतं. आणि ते पाहायला बंद दर्याच्या महिन्यांत यायला ते तयार नव्हते.

दोन्ही भावक्या बाभळीखाली चार दिवस भांडल्या. पाचव्या दिवशी पलीकडचा एक म्हातारा म्हणाला, "तुमचा माणूस तुमचं बोलणार, आमचा माणूस आमचं. ओला दिरिये काय म्हणतो ते विचारा. तो कुणाचाच नाही."

हे सगळ्यांना पटलं. कुणाचाच नसलेला माणूस कधीतरी असा उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वार्फा दिरियेच्या घरी आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बरोबर साखरेची पिशवी आणि उंटिणीच्या दुधाचा कॅन. अंबारो अंगणात मुशीला मीठ लावत होती. तिने हात धुतले नाहीत. "बसा," ती म्हणाली. "वास येईल. पण तुमचं काम असलं म्हणजे वास येत नाही, असं ऐकलंय."

वार्फा हसला. "मामा, तुमच्या बायकोची जीभ म्हणजे माशाचा गळ आहे."

"गळाला लागायला मासा स्वतः चालत आला ना," अंबारो म्हणाली.

चहा झाला. वार्फाने हवापाण्याची चौकशी केली, होडीची केली, दिरियेच्या गुडघ्याची केली. मग म्हणाला, "लिबानच्या लग्नाचं कानावर आलं. वाईट वाटलं."

"ताकाला आलात तर भांडं लपवू नका," अंबारो म्हणाली. "काय हवंय?"

वार्फाने तिच्याकडे पाठ केली. "मामा, माझ्या पणजाला एक भाऊ होता. शिडाच्या तारवावर गेला तो परत आला नाही. अदनला मेला म्हणतात, कुणी काही म्हणतं. मी अलीकडे विचार करतोय, की तो आलाच नसेल कशावरून? फळीला धरून आला असेल. तापात भ्रमिष्ट झाला असेल, स्वतःचं नाव विसरला असेल. गबोबे म्हणजे तोच असेल तर?"

दिरियेने हातातला पेला खाली ठेवला.

"हे बाभळीखाली मी बोललो," वार्फा पुढे म्हणाला, "तर खोडून काढायला जिवंत कोण आहे? गबोबे हिर्सीचा. हिर्सी समतरचा. पुढे पंचवीस नावं मी म्हणतो, तुम्ही ऐका. चटई मिळेल. लिबानच्या होणाऱ्या सासऱ्याकडे मी स्वतः जाईन."

"आणि मी काय बोलायचं?" दिरियेने विचारलं.

"खरं तेच बोलायचं. खोटं कसं बोलायला लावीन, मी मुसलमान नाही का? वाळू येते म्हणायचं असलं तर येते म्हणा. पण भाऊबंदांचं वाईट होईल असं आपलं माणूस बोलत नाही. हो की नाही, भाऊ?"

भाऊ. हा शब्द दिरियेच्या कानाला इतका अनोळखी होता की वार्फा दुसऱ्या कुणाशी बोलतोय की काय, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं.

वार्फा गेल्यावर अंबारो बराच वेळ मीठ चोळत राहिली. मग म्हणाली, "वाळू कुठे साठते, तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे."

"पुळणीवर भिंत घातली तर काय होईल?"

"अडकेल. भरत जाईल."

"मग?"

"लिबानचं बघ ना," दिरिये म्हणाला. "त्याचं पोर उद्या शाळेत पाच नावांवर थांबणार."

"थांबू दे. पाच खरी आहेत. पंचवीस उसनी घेऊन काय करायचंय? चटईसाठी दर्या विकू नका."

ती अशी फाडकन बोले. सगळ्या गावात तेवढं एकच शहाणं तोंड होतं आणि ते बाईचं होतं, म्हणून बाभळीखाली त्याला जागाच नव्हती. दिरियेने तिचं ऐकलं नाही. मला त्याचा राग येतो, पण त्याच्या जागी मी असतो तर ऐकलं असतं, असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

शुक्रवारच्या नमाजानंतर बैठक भरली. पहिल्यांदा वार्फा उठला आणि त्याने नावं म्हटली. नावं म्हणणं ही आमच्यात एक कला आहे आणि वार्फाचा आवाज भारदस्त. दिरिये इल्मीचा, इल्मी बुल्हानचा, बुल्हान गबोबेचा. इथे तो थांबला. सगळे थांबले. "गबोबे हिर्सीचा," वार्फा म्हणाला, "आणि हिर्सी समतरचा," आणि नावांची ओळ तशीच वर वर जात राहिली, थेट मूळपुरुषापर्यंत. पलीकडच्या भावकीतले दोघं-चौघं एकमेकांकडे बघून हसले. पण दुसऱ्याच्या घरात कोण जन्माला आलं, यावर वाद घालायची आमच्यात रीत नाही. चटई अंथरली गेली. नवी होती, लाल काठाची. दिरियेने चपला काढल्या आणि तो बसला. लिबान मागे उभ्या असलेल्या तरण्या पोरांत होता. बापाने त्याच्याकडे पाहिलं. तो रडत होता.

मग अब्शिरने बोलणं टिपून घ्यायला फोन पुढे धरला. "काका," तो म्हणाला, "पुळणीवर वाळूचं कसं आहे?"

काका. दिरियेने घसा खाकरला. त्याने आधी पलीकडच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"वाळू येते," तो म्हणाला, "आणि जाते."

यातला शब्दन् शब्द खरा होता. बंद दर्यात वाळू येते आणि हिवाळ्यात निघून जाते. भिंत नसली तर. ते तेवढं त्याने सांगितलं नाही, आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही. ओला दिरिये पाण्याबद्दल निम्मं सांगेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पलीकडचा म्हातारा मान डोलावून म्हणाला, "त्याने सांगितलं, संपलं." आणि बंदर पुळणीवर ठरलं.

बंदर बांधायला दोन वर्षं लागली. दगडांची भिंत पाण्यात लांबवर गेली, गबोबेच्या वाटेच्या उत्तरेला अगदी जवळून. टोकाशी खडक फोडून जहाजांसाठी नवं तोंड केलं. लिबानचं लग्न झालं. उंटवाल्याने तीसही नावं ऐकून घेतली आणि कपाळावर एक आठी पाडली नाही. दिरिये बैठकीला जाऊन आपल्या चटईवर बसे. तिथे उंटांच्या चोऱ्या, विहिरींचे हक्क, बायकांचे तलाक असं काय काय चाले. त्याला कुणी काही विचारत नसे. सगळं आयुष्य ज्या जागेकडे लांबून पाहिलं ती जागा इतकी कंटाळवाणी असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. पण तिथून उठावंसं कधी वाटलं नाही.

बांधकाम चालू असतानाच, पहिल्या पावसाळी वाऱ्यात अर्ध्या भिंतीला वाळू येऊन टेकली. दिरियेने सप्टेंबरात काठ्या रोवल्या तेव्हा वाट हातभर उथळ लागली. तो अब्शिरकडे गेला.

"काका, काळजी नको," अब्शिर म्हणाला. "वाळू उपसायचं यंत्र मोम्बासाहून येतंय."

ते यंत्र पुढे वर्षभर मोम्बासाहून येत होतं. टपरीवरची पोरं उशिरा येणाऱ्या कुणालाही "मोम्बासाहून येतोय" म्हणू लागली.

दुसऱ्या वर्षीचा दर्या बंद झाला आणि उघडायची वेळ आली. अब्शिरने उद्घाटनाचा दिवस जाहीर करून टाकला होता. तंबू आले, झेंडे आले, वाद्यं आली. पहिलं तारू दोन दिवसांच्या वाटेवरच्या दुसऱ्या गावाहून सिमेंट आणि तांदूळ घेऊन निघालं होतं. आता काठ्यांची गरज नाही, पाण्यावर तरंगणारी लाल पिंपं लावली आहेत, असं अब्शिरने सांगितलं. तरी उद्घाटनाच्या सकाळी सवयीने दिरिये भिंतीच्या टोकाशी पाण्यात उतरला. चाळीस पावलं गेला तरी पाणी छातीच्या वर आलं नाही. ज्या तोंडातून तारू यायचं, तिथे वाळूचा दांडा आडवा पसरला होता, आणि लाल पिंपं त्याच्यावर डुलत होती.

तो तसाच ओल्या अंगाने वार्फाकडे गेला. वार्फा इस्त्रीचा झगा घालत होता.

"तारू थांबवा," दिरिये म्हणाला. "तोंड बुजलंय."

वार्फाने दार लोटून घेतलं. "कुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच."

"मग आता दुसऱ्या कुणाला सांगू नका. भाऊ, नीट ऐका. आज तुम्ही उठून म्हणालात की बुजलंय, की पलीकडचे विचारणार, तुम्हीच सांगितलं होतं ना, वाळू जाते म्हणून? मग ते विचारणार, का सांगितलं? मग चटईचं निघेल. मग गबोबेचं निघेल. तुमच्या सुनेला सातवा लागलाय ना?"

"तारू अडकेल."

"लहान तारू आहे. भरती आहे. घासत घासत येईल. उद्या यंत्र येतंय."

दिरियेने मिठाची गुळणी धरली. हे लिहिताना माझाच हात जड होतो. त्याच्या गळ्यात आवाज होता, भिंतीवर अब्शिर उभा होता, अब्शिरच्या खिशात दोन फोन होते आणि तारवावर नाखव्याकडे एक होता. एक वाक्य पुरलं असतं. दिरिये दुपारपर्यंत लिबानच्या शेजारी उभा राहिला आणि शिडांकडे बघत राहिला.

तारू खडकांच्या रांगेशी आलं तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. कुणाच्या तरी हातातली काठी हिसकावून तो भिंतीवरून पळत सुटला. गुडघा दुखत होता तरी पळाला, काठीला लुंगीचं फडकं अडकवून हलवत राहिला. परत जा, परत जा. नाखव्याला वाटलं, स्वागत करताहेत. त्यानेही हात हलवला. वाद्यं वाजत होती. तारू दांड्यावर चढलं, आडवं झालं, आणि मागून आलेल्या लाटेने उलटलं. सहा खलाशांतले पाच निघाले. सहावा, महद नावाचा, बावीस वर्षांचा, सिमेंटच्या पोत्यांखाली सापडला.

महदचे भाऊबंद चौथ्या दिवशी आले. आरडाओरडा केला नाही, भाले आणले नाहीत. बाभळीखाली बसले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "आमचा माणूस गेला. शंभर उंट. कोण देणार ते तुम्ही ठरवा."

अब्शिर त्याआधीच नैरोबीला गेला होता. कंपनीतल्या वरच्या साहेबांना ते कळवणं भाग होतं म्हणे. कंपनीचा फोन लागत नव्हता. राहिला कोण? ज्याच्या शब्दावर बंदर इथे झालं तो. जो त्या सकाळी पाण्यात उतरला होता, आणि ज्याला तिघांनी पाहिलं होतं, तो. दिरियेने नाकारलं नाही.

भरपाईची आमच्यात एक दिलासा देणारी रीत आहे. चूक एकाची असली तरी उंट सगळी भावकी वाटून देते. तीनशे घरांत शंभर उंट म्हणजे कुणाचं घर बुडत नाही. म्हणून तर रक्ताला किंमत आहे. दिरिये चटईवर बसून होता. त्याने वार्फाकडे पाहिलं.

वार्फा उठला. काठी टेकली आणि भारदस्त आवाजात नावं म्हणू लागला. "दिरिये इल्मीचा. इल्मी बुल्हानचा. बुल्हान गबोबेचा." आणि थांबला. वार्फाने दाढीवरून हात फिरवला.

"पुढचं आमच्या ऐकिवात नाही," तो म्हणाला. आणि मग दिरियेकडे वळून, अगदी मायेने म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा. गबोबे कुणाचा?"

तीनशे माणसं बसली होती. दोन वर्षांपूर्वी याच कानांनी त्यांनी दुसरं ऐकलं होतं. त्यातल्या एकानेही मान वर केली नाही. पलीकडच्या म्हाताऱ्याने तेवढी थुंकी टाकली, पण कुणावर ते कळलं नाही.

"माहीत नाही," दिरिये म्हणाला. त्याने चटईची गुंडाळी केली, चपला पायात घातल्या आणि तो पूर्वी उभा राही तिथे जाऊन उभा राहिला.

महदचे लोक वाईट नव्हते. एका घरातून शंभर उंट निघत नाहीत हे त्यांना दिसत होतं. होडी नेली, जाळी नेली, अंबारोच्या हातातलं आणि गळ्यातलं नेलं. उरलेल्या उंटांपायी लिबानने त्यांच्या तारवांवर बिनपगारी काम करायचं ठरलं. किती वर्षं, ते बोललं गेलं नाही. लिबानची बायको बाळंतपणाला माहेरी गेली. उंटवाल्याने तिला परत पाठवलं नाही. मुलगा झाला, एवढा निरोप आला. नाव काय ठेवलं, ते आलं नाही.

जाताना लिबानने बापाचा निरोप घेतला नाही. आईला मिठी मारली, दिरियेच्या अंगावरून पुढे गेला आणि दारात थांबून पाठमोराच म्हणाला, "मला चार नावं चालली असती, आबा. तुम्ही मला विचारलंच नाही."

ती लाल काठाची चटई अंबारोने अंगणात टाकली आणि तिच्यावर मुशी वाळत घातली. "चांगली आहे," ती म्हणे. "खालून वारा खेळतो." दिरिये जाता-येता ती ओलांडत असे. वर्षभर त्याला मामाही कुणी म्हटलं नाही. त्याच्याशी बोलायची वेळच कुणावर येत नव्हती.

पुढच्या वर्षी दर्या बंद झाला आणि सप्टेंबरात वारा पडला. बंदरात आता पोरं फुटबॉल खेळत होती, कारण सबंध गावात तेवढीच सपाट जागा होती. वर्षभर होड्यांनी भरतीच्या वेळी नव्या तोंडातून कशीबशी ये-जा केली होती; आता तेही पुरतं बुजलं होतं आणि त्या भुकेल्या पुळणीवर रांगेत उभ्या होत्या. मुशी खारवायची पिंपं लोकांनी दुप्पट भावाने परत आणली होती. आता गबोबेच्या वाटेशिवाय गत नव्हती, आणि दिरियेशिवाय ती वाट कुणाला कळत नव्हती.

एका सकाळी वार्फा दाराशी आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. मागे वीस-पंचवीस माणसं. "मामा," तो म्हणाला, "दर्या कधी उघडताय?"

अंबारो चुलीपाशी होती. "गरज सरो वैद्य मरो, असं ऐकलं होतं," ती म्हणाली. "मेलेल्या वैद्याकडे पुन्हा येणारे तुम्हीच पहिले."

दिरिये उठला. काठ्या छपरात खोचलेल्या होत्या. त्या काढल्या, कमरेला दोर बांधला. का गेला, असं मी त्याला पुढे विचारलं तेव्हा म्हणाला, लोकांच्या चुलीवर मीठ-भात चालला होता, आणि ती वाट काही वार्फाची नव्हती. जगात तेवढी एकच जागा होती जिथे गबोबे कुणाचा, हे कुणी विचारत नव्हतं.

सगळं गाव पुळणीवर जमलं. दिरिये पाण्यात उतरला. गुडघाभर, मांडीभर. वाट जिथे सुरू होते तिथे त्याने पाऊल टाकलं आणि ते टेकलं. पुढे टाकलं, टेकलं. तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला, शिसं सोडलं, पुन्हा सोडलं. दोर हातात सैल पडत होता. लांब भिंतीने दक्षिणेकडून येणारी सगळी वाळू अडवली होती आणि ती सगळी खडकांतल्या त्या एका फटीत जाऊन बसली होती. ज्या जागी त्याच्या बापाने, आजाने, पणजाने दोर सोडला होता, त्या जागी तो कोरड्या खांद्यांनी उभा होता.

तासाभराने तो परत फिरला. सगळ्या काठ्या खांद्यावर तशाच होत्या. चार पिढ्यांत त्या घरातलं कुणी काठ्या घेऊन परत आलं नव्हतं, म्हणून लोकांना लांबूनच कळलं असावं. अंबारो पुढे झाली आणि तिने काठ्या त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतल्या. ती काही टोचून बोलेल असं आम्हाला वाटलं. ती बोलली नाही.

वार्फाच्या दाढीची मेंदी उतरली होती आणि खालचे पांढरे केस दिसत होते. तो दिरियेच्या अगदी जवळ आला. मामा नाही, भाऊ नाही.

"दिरिये," तो म्हणाला, "मग आता?"

"वाळू येते," दिरिये म्हणाला, आणि लुंगी पिळत उभा राहिला. पुढचे दोन शब्द त्याने म्हटले नाहीत.